खुशालभाऊचा गॅप

गडचिरोली सोडून जंगलात जसजसं आत जावं, तसतसे पेट्रोलपंप विरळ होतात आणि किराणा दुकानांच्या ओट्यावर पेट्रोलच्या बाटल्या दिसू लागतात. त्या बाटलीत पेट्रोल किती आणि घासलेट किती, हे दुकानदार जाणे नाहीतर त्याचा देव. असलं पेट्रोल प्यालेली मोटारसायकल सकाळी लाथा मारून मारून माणसाचा पाय उतरवते, पण सुरू होत नाही. मग लोक ती ढकलत खुशाल रामटेके यांच्या गॅरेजात आणतात. खुशालभाऊ प्लग काढतात, त्याच्या टोकातली फट पकडीनं किंचित उघडतात, प्लग परत कसतात, आणि गाडी पहिल्या लाथेत बोलू लागते. फट मोठी केली की ठिणगी लांब पडते, आणि लांब ठिणगी भेसळीच्या पेट्रोललाही पेटायला लावते. एवढंच त्यातलं गुपित. पण पस्तीस वर्षं हेच केल्यामुळे लोकांनी त्याला नावच देऊन टाकलं होतं, 'खुशालभाऊचा गॅप'. सावली गावापासून पार सिरोंच्याकडच्या रस्त्यापर्यंत हा गॅप चालायचा. माणसाची एखादी गोष्ट इतकी गाजली की तिच्यात खोट असेल असं त्याला स्वतःला कधी वाटत नाही, आणि तसं सांगायची तर दुसऱ्या कुणाची छाती होत नाही.

खुशालभाऊंची एकुलती एक मुलगी दिव्यानी नदीपलीकडच्या मुरंगटोल्याच्या उपकेंद्रात नर्स होती. उन्हाळ्यात ती नदी चप्पल हातात घेऊन पार करावी. पावसाळ्यात चार महिने तिच्याकडे बघवत नाही. तिच्यावरचा पूल मंजूर आहे. दिव्यानी अंगणवाडीत जायची तेव्हापासून तो मंजूर आहे. तोवर पलीकडे जायचं ते पोचू मडावीच्या डोंग्यातून, म्हणजे एका खोडातून कोरून काढलेल्या, दोन बोटं पाण्यावर राहणाऱ्या होडीतून. गेल्या ऑगस्टात हा डोंगा मधल्या धारेत उलटला. दिव्यानी दीड तास बुडालेल्या उंबराच्या फांदीला धरून राहिली. पोचूनं पोहत जाऊन तिला काढली. लसींचा डबा गेला, पोरगी वाचली. खुशालभाऊंना हे दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून आभाळ नुसतं काळं झालं तरी ते हातातला पाना खाली ठेवून नदीच्या दिशेनं बघत बसायचे.

"बदली माग बेटा," ते तिला म्हणाले होते. "मी साहेबाच्या पाया पडतो."

"मी गेली तं दुसरी येईन न बाबा. तिलेबी बाप असनच."

खुशालभाऊंनी बदलीचा विषय तिथेच सोडला. तोंडानं भागलं नाही की ते हाताला काम लावत. तसं त्यांनी लावलं, आणि वर्षभरात पंख्याची बोट तयार केली. तळ परातीसारखा सपाट, मागे पिंजऱ्यात विमानासारखा मोठा पंखा. पंखा हवा मागे फेकतो आणि बोट पुढे जाते. पाण्याखाली फिरणारं काहीच नाही, त्यामुळे बुडालेल्या झाडात, वेलीत अडकायचं भय नाही.

पण पुराच्या धारेवर चढायचं तर इंजिन हलकं हवं आणि जोर हत्तीचा हवा. असं इंजिन मिळालं ते चंद्रपूरचे ट्रकमालक गुणवंतराव यांच्याकडून. त्यांच्या चिरंजीवांनी हौसेनं एक जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी आणली आणि मूल गावाकडच्या रस्त्यावर सागाच्या झाडाला नेऊन भिडवली. चिरंजीव वाचले, गाडीचा चुराडा झाला, इंजिन तेवढं शाबूत राहिलं. "घेऊन जा बाप्पा," गुणवंतराव म्हणाले, "माह्या डोळ्यासमोर नोको ते."

ते रोटरी इंजिन होतं. त्यात खालीवर होणारे पिस्टन नसतात. तीन कोपऱ्यांचा, समोशासारखा फुगलेला एक लोखंडी रोटर पोटात गरागरा फिरतो. असे दोन रोटर. प्रत्येकाच्या तिन्ही कोपऱ्यांवर पातळ पट्ट्यांच्या सील असतात, आणि सगळा जोर त्या सीलवर तोललेला असतो. सील तुटली की इंजिन म्हणजे भंगार. वर टर्बो होता, म्हणजे हवा दाबून दाबून आत कोंबणारा पंप. सीलचा दुसरा जोड खुशालभाऊंकडे नव्हता, आणि मागवला असता तर तो पावसाळा संपल्यावर आला असता.

हे इंजिन ओळखणारी बाई दोन जिल्ह्यांत एकच होती. स्वाती मॅडम. चंद्रपूरला तंत्रनिकेतनात शिकवायच्या. गुणवंतरावांच्या मुलाच्या गाडीचं सेटिंग त्यांनीच केलं होतं. लॅपटॉप इंजिनाला जोडायचा, किती हवेला किती पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची याचे आकडे भरायचे, हे त्यांचं काम. जुलैच्या एका शुक्रवारी त्या सुट्टी टाकून नदीकाठी हजर झाल्या. बोट दोराने येनाच्या झाडाला बांधली होती. सोमवारी दिव्यानीला पलीकडे जायचंच होतं. पलीकडे तापाची साथ होती आणि उपकेंद्रातल्या गोळ्या संपल्या होत्या.

"सोमवारी बोट तयार असन तं बोटीनं," तिनं वडिलांना सांगून टाकलं होतं, "नसन तं पोचूभाऊच्या डोंग्यानं."

नदी काठोकाठ होती. डोंगा काठावर पालथा पडला होता. खुशालभाऊ त्याच्याकडे पाठ करूनच काम करत होते.

शुक्रवारी इंजिन सुरू झालं तेव्हा काठावरची माकडं झाडं सोडून पळाली. अर्ध्या जोरापर्यंत सगळं झकास. दोर ताणला गेला, बोट धारेकडे तोंड करून उभी राहिली. मग स्वाती मॅडमनी जोर वाढवला, टर्बोनं दाब भरला, आणि इंजिन खोकायला लागलं. फट्, फट्, फटाक. मागच्या नळीतून जाळ बाहेर पडला, पंखा मंदावला आणि बोट धारेबरोबर मागे सरकून दोराला लटकली. दोर नसता तर ती थेट खालच्या खडकावर गेली असती.

स्वाती मॅडमनी नळीत बसवलेल्या मीटरकडे पाहिलं. "पेट्रोल कमी पडून राह्यलं भाऊ. मीटर तसंच सांगते." त्यांनी पेट्रोल वाढवलं. खोकला वाढला. मीटर म्हणालं, अजून कमी. त्यांनी आणखी वाढवलं. आता नळीतून काळा धूर निघू लागला आणि खोकला थांबेचना.

"भाऊ, ठिणगी बरोबर आहे न? ठिणगीले वीज देणाऱ्या जुन्या कॉइल तं अपघातात फुटल्या होत्या."

"दुसऱ्या बसवल्या न मी, चांगल्या आहेत," खुशालभाऊ म्हणाले. त्यांनी एक प्लग काढला, वायरला लावून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि चावी फिरवायला सांगितली. टक्, टक्, टक्. भर दुपारच्या उजेडातसुद्धा दिसावी अशी निळी, लांब ठिणगी पडत होती. "पाहा मॅडम. ठिणगीत दोष निघाला तं मी गॅरेज बंद करतो."

ठिणगीच्या बाबतीत खुशालभाऊंचा शब्द म्हणजे दोन जिल्ह्यांत कोर्टाचा निकाल. स्वाती मॅडमनी तो मानला. शनिवारी त्यांनी ठिणगीची वेळ थोडी अलीकडे घेतली, म्हणजे ती जरा लवकर पडेल अशी केली. खोकला किंचित कमी झाला. त्यांना हुरूप आला. त्यांनी वेळ आणखी अलीकडे घेतली, आणखी घेतली. इंजिन थोडं वर चढायचं आणि पुन्हा खोकायचं. संध्याकाळपर्यंत तीन डबे पेट्रोल जळालं, बोट दोराच्या बाहेर काही गेली नाही. दिव्यानी काठावर बसून औषधांचे खोके प्लास्टिकमध्ये गुंडाळत होती. एकदा ती उठली आणि डोंग्याला कुठे भेग आहे का ते बोटानं चाचपून आली. खुशालभाऊंनी ते पाहिलं. हातातली पकड ते उगाचच पुसत राहिले.

रविवारी दुपारी पोचूची मोपेड सुरू होईना. त्याला बाजारातून मीठ आणायचं होतं. त्यानं ती ढकलत खुशालभाऊंपुढे आणली आणि नुसता उभा राहिला, कारण सांगायची गरजच नव्हती. खुशालभाऊंचं डोकं बोटीत होतं, पण हाताला डोकं कुठे लागतं. त्यांनी प्लग काढला, पकडीनं फट उघडली, प्लग कसला. पोचूनं पायडल मारलं, मोपेड बोलली.

"खुशालभाऊचा गॅप," पोचू खूश होऊन स्वाती मॅडमना म्हणाला. "डॉक्टरच्या सुईपेक्षा भारी काम करते."

स्वाती मॅडम लॅपटॉपवरून मान वर करून पाहत होत्या. "भाऊ, किती उघडली फट?"

"नेहमीची."

"आपल्या इंजिनाचे प्लग नवे होते. त्याईले तं नाई न हात लावला?"

खुशालभाऊंचा हात लागला होता. नवे चार प्लग खोक्यातून निघाल्याबरोबर, इंजिनात जाण्याआधीच, त्यांनी चारींची फट उघडली होती. विचार करून नव्हे. हाताची सवय ती. नवीन प्लग हातात आला की हात आपोआप पकडीकडे जायचा. आणि आता, मॅडमच्या तोंडून तो प्रश्न ऐकल्याबरोबर, सगळं त्यांच्या लक्षात आलं. माणूस इतक्या वर्षांत काहीच शिकला नाही असं थोडंच असतं. मोटारसायकलच्या पोटात दाब केवढा आणि टर्बो कोंबतो तो दाब केवढा. कोंडलेल्या, दाबलेल्या हवेत ठिणगीला एवढी मोठी फट ओलांडता येत नसणार. मोकळ्या हवेत, प्लग हातात धरून पाहिलं तर ती निळी आणि लांब दिसणारच. तिथे तिला अडवतंय कोण.

काठावर पाच-सात गावकरी बसले होते. पोचू कौतुकानं पाहत होता. पोरगी पाहत होती.

"नाई," खुशालभाऊ म्हणाले. "त्याईले कायले हात लावीन मी?"

एवढा मोठा माणूस, आणि शाळेतल्या पोरासारखा खोटं बोलला. बोलला आणि लगेच मनातल्या मनात हिशेब मांडून मोकळा झाला. सगळे पोचूच्या घरी जेवायला जातील, तेवढ्यात चारही प्लगची फट बारीक करून टाकायची. इंजिन सुधारेल, श्रेय मॅडमच्या आकड्यांना जाईल, जाऊ दे. आपलं नाव राहील आणि पोरगी बोटीनं जाईल. त्यात कुणाचं काय बिघडतं?

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले. "माह्या पोटात गडबड आहे."

लोक गेले. खुशालभाऊंनी चारही प्लग काढले, पत्तीनं माप घेत घेत फट कंपनीच्या मापाला आणली, पुसून परत बसवले. शेवटच्या प्लगला पाना देताना त्यांना इतकं हलकं वाटलं की ते शीळ घालू लागले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी डोंग्याकडे नीट मान वळवून पाहिलं आणि मनात म्हटलं, पड तू तिथंच.

जेवून सगळे परत आले. स्वाती मॅडम बोटीच्या कडेवर बसल्या, लॅपटॉप मांडीवर घेतला. दिव्यानी शेजारी जाऊन बसली आणि पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली, "मॅडम, हे लाल आकडे कायचे व्हय?"

"ठिणगीची वेळ. हे पाहा, या इंजिनात जाळाले लय लांब पळा लागते. खोली लांबुडकी अन् चपटी, अन् फिरता फिरता जागा बदलते. म्हणून एका रोटरले दोन-दोन प्लग. ठिणगी अशक्त असली तं जाळ हळूहळू पसरते, मग आपण ती लवकर पाडून त्याले पुढची सुट्टी देतो. दोन दिवसांत मी लय पुढची सुट्टी देऊन ठेवली. एवढी की हे लाल झाले."

"लाल म्हणजे धोका?"

"आता नाई. आता जाळ हळू आहे, म्हणून चालून राह्यलं. पण समजा याच आकड्यांवर ठिणगी अचानक जोरदार झाली, तं जाळ नको त्या वेळेले भडकन. रोटर पुढं यायच्या आधीच त्याच्या तोंडावर दणका. सील तुटतीन. एका सेकंदाचं काम."

खुशालभाऊ तेव्हा फडक्यानं हात पुसत होते. त्यांचे हात जागीच थांबले.

सीलचा दुसरा जोड नव्हता. ठिणगी आता जोरदार होती, ती त्यांनीच अर्ध्या तासापूर्वी जोरदार केली होती, आणि आकडे जुनेच होते. मॅडम एक पाय बोटीत टाकून आत गेल्या, चावीकडे हात नेला. "चला, एकदा पूर्ण जोर देऊन पाहू," त्या म्हणाल्या, "आज नाई जमलं तं मग विषय सोडून देऊ."

खुशालभाऊंना आपण पळालो हे आठवत नाही. चिखलात एक चप्पल मागे राहिली हे त्यांना नंतर कळलं. त्यांनी चावीवर आपला पंजा ठेवला.

"थांबा मॅडम."

"काय झालं?"

 पस्तीस वर्षांचं नाव जिभेवर दगडासारखं बसलं होतं. काठावरचे सगळे पाहत होते. दिव्यानी पाहत होती. तिच्याकडे नजर गेली आणि दगड सरकला.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले. "नव्या प्लगची फट मीच उघडली होती, पह्यल्याच दिवशी. सवय आहे हाताची. तुम्ही विचारलं तं लाज वाटली. मंग तुम्ही जेवाले गेल्या, अन् मी चोरून चारीची बारीक करून ठेवली. आता ठिणगी जोरदार आहे. चावी फिरवू नोका."

  स्वाती मॅडमनी चावी काढून हातात घेतली आणि एक लांब श्वास सोडला.

"तीन दिवस, भाऊ," त्या म्हणाल्या. "तीन दिवस मी आकड्यांत डोकं फोडून राह्यली."

"शिव्या द्या मॅडम. लागत असन तं पाह्यजे तेवढ्या द्या."

"देणार होती." त्यांनी लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला आणि पडद्याकडे पाहत राहिल्या. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला, रागाचा होता तो कसनुसा झाला. "पण मग मलेबी द्या लागतीन. मीटर म्हणे पेट्रोल कमी, अन् मी डोळे झाकून ओतत गेली. ते मीटर पेट्रोल थोडंच मोजते. नळीत उरलेली हवा मोजते. ठिणगी चुकली की पेट्रोलबी जळत नाई अन् हवाबी जळत नाई, दोन्ही तसंच बाहेर पडते. मीटरले हवा दिसते, ते म्हणते पेट्रोल वाढवा. वाढवलं की प्लग आणखीन ओला होते, ठिणगी आणखीन चुकते. पोरांले वर्गात मीच शिकवते हे." मग त्या बारीक हसल्या. "तुम्ही हातावर विसंबले, मी मीटरवर."

पोचूला यातलं कितपत समजलं कोण जाणे. पण त्यानं खाली वाकून चिखलातली चप्पल उपसली, नदीत धुतली आणि खुशालभाऊंपुढे ठेवली. दिव्यानी वडिलांच्या जवळ येऊन उभी राहिली.

"सांगितलं न," ती म्हणाली. "मंग झालं."

खुशालभाऊंच्या पाठीवरून कुणी पोतं उतरवून घ्यावं तसं झालं. नाव जायचं ते गेलं, आणि गेल्यावर लक्षात आलं की ते इतकं काही जड नव्हतं, जड होतं ते लपवणं.

मग सगळे कामाला लागले. ठिणगीचा जोर बदलला की आधीचं सेटिंग फुकट, हे स्वाती मॅडमनी पुन्हा एकदा सगळ्यांना ऐकवलं, बहुतेक स्वतःलाच. त्यांनी ठिणगीची वेळ मागे घेतली, लाल आकडे एकेक करून हिरवे केले. ओतलेलं पेट्रोल बरंचसं काढून घेतलं. कॉइलला ठिणगीआधी भरायला थोडा जास्त वेळ दिला. "पण भरायले वीज पुरी पोचली पाह्यजे भाऊ," त्या म्हणाल्या. खुशालभाऊंनी कॉइलची बारीक वायर काढून टाकली आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीची बोटाएवढी जाड वायर थेट लावली. या वेळी त्यांनी प्रत्येक गोष्ट करण्याआधी तोंडानं सांगितली. "आता नट कसून राह्यलो मॅडम." "आता वायर लावून राह्यलो मॅडम." शेवटी मॅडम वैतागल्या. "भाऊ, श्वास घेताना विचारू नोका."

चार वाजता इंजिन सुरू केलं. दोर ताणला. अर्धा जोर. पाऊण. मॅडम एकेक पायरी थांबत होत्या, आकडा पाहत होत्या, थोडं पेट्रोल कमी करत होत्या. मीटर आता खरं बोलत होतं. नको तितकं ओतलेलं पेट्रोल अजून थोडं उरलं होतं, ते मीटर आता कुठे दाखवत होतं. मग टर्बोनं दाब भरला. खुशालभाऊंनी डोळे मिटले. खोकला ज्या जागी यायचा ती जागा त्यांच्या कानाला पाठ होती.

ती जागा आली आणि गेली. आवाज फाटला नाही. तो वर वर चढत गेला, एका सुरात, कुठे खडा नाही. येनाच्या झाडाला बांधलेला दोर सैल पडून पाण्यात लोंबला, कारण बोट धारेच्या वर चढली होती. काठावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या असाव्यात, त्यांचे हात हलताना दिसत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. खुशालभाऊ चिखलात मटकन बसले. त्यांना रडू आलं आणि ते रडले. एवढ्या आवाजात कुणाला ऐकू जाणार होतं म्हणा.

सोमवारी सकाळी दिव्यानी बोटीनं गेली. सुकाणूवर पोचू, कारण नदी त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नाही, आणि रविवारी संध्याकाळभर त्यानं बोट खालीवर फिरवून हात बसवून घेतला होता. औषधांचे खोके मधे. खुशालभाऊ काठावर राहिले. वजन वाढू नये म्हणून, असं त्यांनी सांगितलं. खरं म्हणजे बघणं जमेल की नाही याचा त्यांनाच भरवसा नव्हता. त्यांनी पाहिलं नाहीच. ते नुसतं ऐकत राहिले. मधल्या धारेत आवाज जरा भरला, तसाच टिकला, पुढे गेला, लहान झाला, थांबला.

"पोचली," स्वाती मॅडम शेजारून म्हणाल्या.

खुशालभाऊंनी डोळे उघडले. पलीकडे नखाएवढी दिव्यानी खोके उतरवत होती. पोचू अर्ध्या तासात परत येणार होता. स्वाती मॅडमनी लॅपटॉप पिशवीत घातला, चंद्रपूरची बस गाठायची होती. खुशालभाऊ त्यांना सोडायला रस्त्याकडे वळणार, तेवढ्यात इंजिन पुन्हा बोललं. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

दोघंही जागेवर थांबले. बोट येत होती आणि खोल बसून येत होती. पोचू, दिव्यानी, आणखी एक बाई, आणि तळावर आडवा कुणीतरी. वजन दुप्पट होतं. काल हे वजन घालून कुणी पाहिलंच नव्हतं.  मधल्या धारेत पोचूनं पूर्ण जोर दिला. आवाज भरला, टर्बो किंचाळला. खुशालभाऊंनी नकळत स्वाती मॅडमचं मनगट धरलं. मॅडमनीही सोडवून घेतलं नाही. आता फुटेल, आता खोकेल, असं वाटत वाटत तो एकसुरी आवाज जवळ जवळ येत गेला आणि बोटीचा तळ चिखलावर घासत वर चढला.

आडवा होता तो इतवारी नावाचा माणूस. पहाटे रोवणीच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, त्याला मण्यार चावली होती. दिव्यानी काठाजवळच्या उपकेंद्राच्या दारात पोचते न पोचते तोच त्याची बायको त्याला बैलगाडीत घालून आली होती. त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या होत्या, पण श्वास चालू होता. विषावरची सुई होती ती इस्पितळातच. डोंग्यानं आणला असता तर दोन तास लागले असते, आणि एवढ्या पुरात आडवा माणूस पोचूनं डोंग्यात घेतलाच नसता.

"जीप," दिव्यानी ओरडून म्हणाली. उरलेले खोके घेऊन सकाळी आलेली आरोग्य खात्याची जीप अजून रस्त्यावरच होती. पोचू आणि गावकऱ्यांनी इतवारीला उचललं. दिव्यानी एका हातानं त्याची मान धरून चालत होती, दुसऱ्या हातानं नाडी. तिची साडी कमरेपर्यंत चिखलानं भरली होती, केस सुटले होते. खुशालभाऊ वाटेतच उभे होते. वर्षभर ज्या क्षणासाठी हात चालवले तो क्षण हाच, पोरगी नदीतून सुखरूप आपल्याकडे चालत येते आहे. ते दोन्ही हात पसरून पुढे झाले.

"बाजूले हो न बाबा," दिव्यानी म्हणाली, आणि त्यांच्याकडे न बघता पुढे गेली.

खुशालभाऊ बाजूला झाले. इतक्या आनंदानं ते आयुष्यात कधी कुणासाठी बाजूला झाले नव्हते. जीप धूर सोडत इस्पितळाकडे निघून गेली, आणि ते ती दिसेनाशी होईपर्यंत तिथेच, रस्त्याच्या कडेला, हसत उभे राहिले.